गिळायचं नाही

मतदान झालं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, फेदोरा.
हात वर केलास फक्त,
मोतिया हातमोज्यातला, माझ्या ओळखीचा हात,
आणि कारकुनाने टिपून घेतलं:
सहा विरुद्ध पाच.
माझ्या आजोबांची नऊ जहाजं
एका हाताच्या फरकाने गेली.

मी सही केली.
शाई चांगली होती. तुझ्याच दौतीतली.

त्रिएस्तेत सगळ्यांना ठाऊक आहे, आपलं विळ्याभोपळ्याचं सख्य.
ऑपेराच्या हंगामात आपले सज्जे समोरासमोर,
आणि लोकांच्या दुर्बिणी रंगमंचावर कमी, आपल्यावर जास्त:
कॉफीवाली बघते का जहाजवालीकडे?
जहाजवाली आज हिरे घालून आली, म्हणजे कर्ज वाढलं असणार.
बोलू देत.
त्या वैराच्या आडोशानेच तर आपण अकरा वर्षं काढली.

दर गुरुवारी, तुझ्या गोदामाचा वरचा मजला.
लांब टेबलावर वाट्या,
सांतोसची, हरारची,
एक समुद्राचं पाणी लागलेल्या पोत्यातली, खारट,
ती तू मुद्दाम माझ्यासाठी ठेवायचीस.
चमचा माझ्या ओठांशी धरून म्हणायचीस,
जोरात ओढ. आवाज होऊ दे.
इथे तुझा खानसामा नाहीये.
मग पितळी पिकदाणी पुढे सरकवायचीस.
चव घ्यायची, नीवेस. गिळायचं नाही.
गिळत गेलं तर दहाव्या वाटीला जीभ शहाणी राहत नाही.

मला वाटायचं, कॉफीबद्दल बोलतेस.

भिंतीवर तुझा दिवंगत नवरा, मिश्यांना मेण लावलेला.
एकदा मी ते चित्र भिंतीकडे तोंड करून टांगलं.
तू काही न बोलता सरळ केलंस
आणि मग दिवा मालवलास.
तुझं सगळं असंच.
आधी जागच्या जागी, मग अंधार.

गेल्या वर्षी मी म्हणाले होते, चल.
आयुष्यभर दुसऱ्यांचा माल वाहिला,
एकदा आपणच चढू जहाजावर.
तू केसांतली पिन दातांत धरली होतीस.
ती काढून शांतपणे विचारलंस,
आणि चारशे माणसांचा पगार?
तुझा की माझा, ते विचारलं नाहीस.
दोघींचीही माणसं चारशेच्या घरातली.
मी हसले. काय करणार,
हिशेब बरोबर होता.

आजचाही बरोबर होता.
बॉयलर गंजलेत, बँकेने दोनदा मुदत दिली,
तुझ्या खुर्चीत मी असते तर
मीही हात वर केला असता.
रात्री झोप लागू देणार नाही ते हेच.
दगा दिला असतास तर तुला शिव्या घालता आल्या असत्या.

बाहेर पडले तर बोरा सुटलेला,
डोंगरावरून कोसळणारा आपला कोरडा, माथेफिरू वारा.
नगरपालिकेने रस्त्याकडेने दोर बांधलेत.
टोप्या उडतायत, एका वकिलाची कागदपत्रं बंदरात.
गाडी येणार नाही म्हणे. मीही धरला दोर,
फर, मोती, आडनाव सगळं सांभाळत,
मासळीवाल्या बायकांच्या रांगेत.

पाच-सहा माणसांपुढे तू होतीस.
एकच हातमोजा. दुसरा हात उघडा,
थंडीने लाल, दोराला घट्ट.

तू थांबलीस.
मागे वळली नाहीस, ते तुला जमणारही नाही.
नुसती थांबलीस,
आणि तुझ्या मुठीचा ताण
सगळ्यांच्या हातांखालून सरपटत
माझ्या मुठीपर्यंत आला.

मागून कुणीतरी ओरडली,
अहो बाई, चाला की पुढे, इथे माणसं गोठतायत!

मी तोंड उघडलं तुला हाक मारायला.
तोंडभर वारा शिरला, मीठ आणि कोळशाची धूळ,
आणि कुठून तरी, तुझ्याच भट्टीतून असेल,
भाजल्या दाण्यांचा वास.

थुंकले नाही, फेदोरा.
सगळा गिळला.